हयात माणसाचं संग्रहालय

गोपाळबुवा लासूरकर स्वतःचं संग्रहालय बघायला पहिल्यांदा आले, तेव्हा आमच्या रज्जाकभाईंनी त्यांना दारातच अडवून तिकीट मागितलं. बुवा म्हणाले, हे माझंच घर आहे. रज्जाकभाईंनी शांतपणे उत्तर दिलं, "सब येइच बोलते, चाचा. बुवा का घर है अंदर, बोर्ड पढो." बुवांनी चष्मा लावून बोर्ड वाचला, त्यात शुद्धलेखनाची एक चूक काढली आणि मुकाट्यानं तिकीट घेतलं.

यात रज्जाकभाईंचा दोष नव्हता. आत भिंतीभर बुवांचे फोटो होते, पण त्यातले बुवा काळ्याभोर केसांचे, रेशमी झब्ब्यातले, मान कलती ठेवून पेटीवर बोटं टाकलेले. दारात उभा होता तो पायजमा आणि बिनबाह्यांचा स्वेटर घातलेला, हातात कापडी पिशवी घेतलेला टकला म्हातारा. शिवाय ज्याचं संग्रहालय असतं तो माणूस गेलेला असतो, असं आपण सगळेच धरून चालतो. येणारे लोक तर प्रवेशद्वारातल्या फोटोला आधी नमस्कार करत आणि मग हळूच विचारत, "कधी गेले?" मी म्हणायचे, "अजून नाही." त्यावर त्यांचा चेहरा असा पडायचा की जणू तिकिटाचे पैसे वाया गेले.

मी तिथं संग्रहपाल होते. शब्द भारदस्त आहे. काम असं, की धूळ झटकायची, कसर आणि झुरळं यांच्यावर नजर ठेवायची, पावसाळ्यात कपाटांत दमट हवा साठू द्यायची नाही, आणि वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहायच्या. गंगापूरकडच्या आमच्या घरात इतिहासात एम.ए. झालेली मी पहिलीच. माझ्या चुलत्यांना शेवटपर्यंत वाटायचं की मी कुणातरी मोठ्या माणसाच्या घरी धुणंभांडी करते आणि लाजेनं सांगत नाही. फारसे चुकत नव्हते ते. या धंद्यातली एक गोष्ट मात्र बाहेरच्यांना सांगितली पाहिजे. एखाद्या वस्तूवर नोंदणीचा नंबर पडला की ती वस्तू कामातून गेली. खुर्चीवर बसायचं नाही, तांब्यातून प्यायचं नाही, पेटी वाजवायची नाही. फक्त बघायचं. माणसाचंही तसंच होतं, हे मला पुढं कळलं.

हे हयात माणसाचं संग्रहालय झालं कसं, तेही सांगते. बुवा लासूरच्या देवळात कीर्तनाला साथ करत मोठे झाले. पुढं नामवंत गायकांची साथ, मग रेडिओ, मग एकट्याच्या पेटीच्या मैफली, परदेश. पत्नी गेल्यावर समर्थनगरातला बंगला त्यांना एकट्याला खायला उठायचा. चाहत्यांनी न्यास काढला आणि घर, वाद्यं, शाली, चपला, सगळं न्यासाच्या नावे करून घेतलं. बुवा सिडकोत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. त्या वेळी बुवांची तब्येत तोळामासा होती आणि सगळ्यांचा अंदाज होता की ते फार दिवस काढणार नाहीत. बुवांनी त्या बाबतीत कुणाचंच ऐकलं नाही. जीवनपटाच्या फलकावर जन्माच्या सालापुढं रेघ मारून जागा मोकळी सोडली होती. बुवांनी पहिल्याच भेटीत ती बघितली आणि मला म्हणाले, "बाई, इथं काय लिहायचं राहिलंय व्हय?"

त्या दिवशी मी त्यांना ओळखलं ते फोटोवरून नाही. दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीला दोरी बांधलेली असते, ती त्यांनी सोडली आणि खुर्चीवर ऐसपैस बसले. दोरी सोडणारे खूप बघितले होते, पण सोडून झाल्यावर तिची नीट घडी घालणारा हा पहिलाच. मी धावत गेले. ते डोळे मिटून म्हणाले, "बसू द्या हो. ही खुर्ची मी लई वर्षं झिजवलीय."

मग ते रोजच यायला लागले. रज्जाकभाईंनी माफी मागितली, पण बुवा पहिलं तिकीट खिशात ठेवून होते आणि तेच रोज दाखवत. येऊन ते आपल्या जुन्या झोपायच्या खोलीत, नोंदणी केलेल्या खाटेवर बसायचे. पिशवीतून चंची काढून पान जमवायचे, कारण घरी सूनबाईंनी पान बंद केलं होतं. आणि पाहुणे आले की त्यांना माहिती द्यायचे.

इथून माझी खरी परीक्षा सुरू झाली. मी चिठ्ठ्या न्यासाचे सचिव सराफसाहेब सांगतील तशा लिहिल्या होत्या. सराफसाहेब निवृत्त प्राचार्य. बुवांची एकही मैफल त्यांनी चुकवली नव्हती आणि बुवांवर त्यांचं खरंच प्रेम होतं. त्यामुळं चिठ्ठ्यांतले बुवा कधी चिडत नव्हते, कधी उशिरा उठत नव्हते, आणि त्यांना बहुधा भूकही लागत नव्हती. एकदा एका शाळेची सहल आली. बाई मुलांना चिठ्ठी वाचून दाखवत होत्या, की बुवा पहाटे चारला उठून रियाज करत. खाटेवरून आवाज आला, "चारला? चारला मी झोपायला यायचो." मुलं खदाखदा हसली. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की हा वेडा म्हातारा तुम्ही आत सोडलाच कसा. मी सांगितलं की हे स्वतः बुवा आहेत. बाईंनी एकदा फोटोकडं बघितलं, एकदा खाटेकडं, आणि मुलांना पुढच्या खोलीत नेलं. फोटोवर त्यांचा जास्त विश्वास होता.

बुवा तरी सगळं खरं सांगत होते असं समजू नका. त्यांची आवडती पेटी दिवाणखान्यात काचेच्या मोठ्या पेटाऱ्यात होती. ती कुठून आली, याची एक गोष्ट त्यांनी शाळेच्या पोरांना सांगितली: बंद पडलेल्या सर्कशीच्या बँडकडून घेतली, आणि आत अजून हत्तीच्या शेपटीचा केस आहे. दुसऱ्याच दिवशी एका प्राध्यापक जोडप्याला सांगितलं की एका नवाबानं मरताना दिली. खरं काय, मी नंतर विचारलं. म्हणाले, "पोरांना सर्कस आवडती. प्रोफेसर लोकांना नवाब." मग ती खरी आली कुठून? तर म्हणे आठवत नाही, आणि आठवलं तरी त्यात मजा नसणार.

पेटीजवळ मात्र ते थट्टा करायचे नाहीत. रोज जाताना काचेसमोर थोडा वेळ उभे राहायचे. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "काढून देता का जरा?" मी नाही म्हटलं. ती न्यासाची आहे, तिच्यावर नंबर आहे, आणि किल्ली माझ्याकडं असली तरी परवानगी माझ्याकडं नाही, हे सगळं मी पाठ केल्यासारखं बोलून दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही. मला वाटलं, विषय संपला.

मग एक दिवस त्यांची सून, वृंदावहिनी, डबा घेऊन आल्या. बुवा सकाळी न जेवताच निघाले होते. बुवांना कारल्याची भाजी बघून राग आला आणि ते बागेत जाऊन बसले. वहिनी माझ्याजवळ थांबल्या. त्यांना वाटत होतं की आम्ही लोक मनात म्हणत असू, म्हाताऱ्याला घरात ठेवत नाहीत. खाली राहणाऱ्या गृहस्थांची हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, मुलगी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासात बुडालेली, भिंती कागदासारख्या. म्हणून मुलानं बापाला विजेवर चालणारा कीबोर्ड आणि हेडफोन आणून दिले होते. बुवा एकदाच बसले त्यावर. वाजवून झाल्यावर हेडफोन काढून मुलाला म्हणाले, हे माझ्या एकट्याच्या कानात वाजतंय, दुसऱ्या कुणाला ऐकूच जात नाही, मग मी वाजवतोय कशाला? त्यानंतर कीबोर्डवर इस्त्रीचे कपडे ठेवले जात होते. "आम्ही वाईट नाही हो, ताई," वहिनी म्हणाल्या. "फ्लॅट लहान आहे."

पुढच्या सोमवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी रज्जाकभाईंना बुवांना आणायला पाठवलं आणि काचेचं कुलूप उघडलं.

पेटी खाली काढताना मी सुती हातमोजे घातले होते. बुवांनी ते बघितले आणि विचारलं, हिला काही सांसर्गिक झालंय का. मग मांडी घातली, भाता उघडला. भात्यानं दम लागल्यासारखा आवाज केला. बुवांची बोटं सांध्यांत सुजलेली होती, अंगठा नीट वळत नव्हता. त्यांनी पट्ट्या एकेक दाबून बघितल्या. मध्यम आणि निषाद बोलेनात. पेटीत प्रत्येक सुराला आत पितळेची एक बारीक रीड असते. हवेनं ती थरथरली की सूर निघतो. पेटी वापरात नसली की आतलीच धूळ बसून, पितळ काळं पडून ती मुकी होते. मी ज्या कोरड्या बंद काचेचा अभिमान बाळगत होते, तिच्यात हे झालं होतं.

"दोन पोरं घर सोडून गेली," बुवा म्हणाले.

आता काय, असं मी विचारलं.

"आता भूप. भूपात ह्या दोघांचं कामच नसतंय." आणि त्यांनी पाच सुरांचा तो राग सुरू केला.

लोक अशा प्रसंगी लिहितात की अंगावर काटा आला. मला तसं काही झालं नाही. वाजवणं अडखळत होतं, भाता मध्येच उसासे टाकत होता, आणि एका ठिकाणी बोट घसरल्यावर बुवांनी सणसणीत शिवी हासडली. पण म्हातारा सुखात होता. दाराशी रज्जाकभाई स्टूलवर बसून ऐकत होते. ते मागून म्हणाले, "बाई, ये घर मे पैली बार कुछ हुआ." मग आमचे सोमवार ठरूनच गेले.

पेटी दुरुस्त करून घ्यावी म्हणून मी सराफसाहेबांना भेटले. ते दुखावले. पेटी ज्या स्थितीत मिळाली त्या स्थितीत जपणं हे आपलं काम, एक स्क्रूसुद्धा हलता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. मीच कार्यशाळेत शिकून आलेलं वाक्य ते मला ऐकवत होते.

त्याच सुमारास न्यासानं ध्वनिदालन बांधलं. बटण दाबलं की बुवांच्या जुन्या मैफली ऐकू येणार. उद्घाटनाला मंत्री येणार होते. सराफसाहेबांनी मला बोलावून दोन गोष्टी बजावल्या. एक, कार्यक्रमापर्यंत बुवांना संग्रहालयापासून लांब ठेवा, ते पाहुण्यांशी काहीही बोलतात. दोन, कार्यक्रमात बुवा मंचावर बसतील, पुढं त्यांची पेटी ठेवू, ध्वनिफीत लावू आणि ते फक्त बोटं फिरवतील. म्हणजे लोकांना जुने बुवा ऐकायला मिळतील आणि बुवांच्या हातांनाही त्रास नको. त्यांना खरंच वाटत होतं की ते बुवांची अब्रू राखताहेत.

मला वाटलं बुवा चवताळतील. ते लगेच तयार झाले. पेटी काचेबाहेर येणार ना, एवढंच विचारलं.

बंगल्याच्या अंगणात मांडव घातला. मंत्री उशिरा आले, भाषणं झाली, शाल झाली, श्रीफळ झालं. बुवांना शेरवानी घातली होती. तीत ते लग्नात हरवलेल्या आजोबांसारखे दिसत होते. ध्वनियंत्रणेच्या खोक्याजवळ मला बसवलं होतं. सराफसाहेबांनी खूण केली आणि मी ध्वनिफीत लावली. तरुण बुवा वाजायला लागले. खोटं कशाला बोलू, ते वाजवणं अफाट होतं. म्हातारे बुवा वर बोटं फिरवत होते, माना डोलत होत्या, मंत्र्यांचे डोळेही मिटले होते, भक्तीनं की झोपेनं ते देव जाणे.

मध्यावर कुठंतरी, द्रुत लय भरात आली असताना, बुवांनी पेटीवरून हात उचलले. मांडीखालून चंची काढली. पान पुसलं, चुना लावला, सुपारी कातरायला घेतली. पेटी वाजतच होती. बोटं चुन्यात, आणि सूर बिजलीसारखे धावताहेत. पहिल्या रांगेतलं कुणीतरी हसलं, मग मागचे, मग अख्खा मांडव. बुवा कुणाकडंही न बघता पान जमवत होते.

सराफसाहेबांनी मला हातानं खूण केली, आवाज वाढव. त्यांना वाटलं असावं की मोठ्या आवाजात हसू बुडेल. माझा हात बटणावर होता. मी आवाज बंद केला.

बुवांनी पान गालात सारलं, माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "ते वाजवणारा गडी भारी होता. मी पण त्याला लई ऐकलंय. आता मला जे येतंय ते वाजवतो. ज्याला गाडी गाठायची असंल त्यानं खुशाल जावं."

काही लोक गेले. मंत्री भूपाच्या सुरुवातीलाच दुसऱ्या कार्यक्रमाला निघाले. राहिले त्यांनी ऐकलं. चांगलं वाजलं असं मी म्हणणार नाही. पण मगाशी डोलणाऱ्या माना आता स्थिर होत्या आणि लोक त्यांच्या बोटांकडं बघत होते. पुढचा सूर लागतो की नाही, याची सगळ्यांनाच काळजी लागली होती.

नंतर मांडव रिकामा झाला तरी सराफसाहेब पहिल्या रांगेत बसून होते. मी माझ्या नोकरीचा विचार करत तारा गुंडाळत होते. ते मंचाजवळ येऊन बुवांना म्हणाले की तुम्ही माझ्या चाळीस वर्षांचं हसं केलंत, तुम्हाला ऐकायला मी कुठं कुठं नाही गेलो.

"तो गडी गेला, सराफ," बुवा म्हणाले. "त्याच्या मागं आता मी एकटा उरलोय. तू माझ्याशी एक दिवस तरी बोललास का?"

बुवांना उठायला हात सराफसाहेबांनीच दिला.

मला मेमो मिळाला. त्यात 'तांत्रिक हलगर्जीपणा' असा शब्द होता, तो मला अजूनही आवडतो. पण कुणीतरी मोबाइलवर तो पानाचा प्रसंग टिपला होता आणि तो गावभर फिरला. आठवडाभरात संग्रहालयात अशी गर्दी व्हायला लागली की रज्जाकभाईंना रांग लावावी लागली. पैठणला साड्या घ्यायला निघालेली कुटुंबं वाट वाकडी करून यायची आणि विचारायची, "ते पान खाणारे बुवा कुठं ठेवलेत?" न्यासाला पूर्वी जी गोष्ट बेअब्रूची वाटत होती ती आता उपयोगाची वाटायला लागली. बैठकीत ठराव झाला की बुवांनी आपल्या खोलीत परत राहायला यावं, पेटी त्यांच्याकडं असावी, तिची दुरुस्ती करावी. मात्र दिवसा खोली पाहुण्यांसाठी खुली राहील. ठराव सराफसाहेबांनी मांडला. म्हणजे बुवा घरी आले, पण नमुना म्हणून.

मी बुवांना म्हटलं, ही अट मला बरी वाटत नाही. लोक तुम्हाला पोहे खाताना बघतील. ते म्हणाले, आयुष्यभर लोकांसमोरच बसलो, तेव्हा पोहे तेवढे मिळत नव्हते.

पुढची दोनेक वर्षं चांगली गेली. मध्यम आणि निषाद परत बोलायला लागले. सराफसाहेब संध्याकाळी येऊन बसत आणि दोघांची भांडणं रस्त्यापर्यंत ऐकू येत. वृंदावहिनी डबा आणत आणि त्यात कारलं नसे. ती माझ्या नोकरीतली शेवटची वर्षं होती. एकच सल राहिली: त्यांचं तेव्हाचं वाजवणं मी एकदाही ध्वनिमुद्रित करून ठेवलं नाही. रोज ऐकायला मिळत होतं, त्यामुळं सुचलंच नाही.

बुवा गेले ते दुपारी, पाहुण्यांच्या वेळेत. जेवून आडवे झाले होते. दारातून एक कुटुंब डोकावलं, बुवा झोपलेत असं बघून आईनं मुलांना गप्प केलं आणि सगळे चवड्यांवर पुढं गेले. त्यांच्यानंतरही बरेच जण तसेच बघून गेले. एकानं फोटो काढला. बंद करायच्या वेळी रज्जाकभाई त्यांना चहाला उठवायला गेले, तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी लोक स्मशानातून परतायच्या आत घर धुवायचं होतं. वृंदावहिनींनी पदर खोचला. संग्रहालयात पाण्याचा एक थेंब सांडू नये म्हणून मी इतकी वर्षं लोकांवर डाफरले होते, आणि आता बादल्यामागून बादल्या ओतत होते. पाणी खुर्चीखालून, काचेच्या पेटाऱ्याखालून वाहत अंगणात चाललं होतं. वहिनींनी खाटेवरची चादर काढून बादलीत बुचकळली.

तेवढ्यात सराफसाहेबांचा फोन आला. ते स्मशानातूनच बोलत होते. म्हणाले, "पवारबाई, खोली होती तशी राहू द्या. चादर, उशी, काही हलवू नका. लोकांना बघू दे, ते कसे गेले."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. वहिनींनी ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी ती पिळली, झटकली आणि अंगणात उन्हात वाळत घातली.